बघितलं, झालं

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवत होते, तिथे माझ्या तासानंतर फिजिक्सचा तास असे, आणि फिजिक्सचे सर फळ्यावरची माझी आकृती कधीच पुसत नसत. आधी मला वाटलं, डस्टर सापडलं नसेल. मग पोरांनी सांगितलं की डस्टर हातात घेऊन सर फळ्यासमोर उभे राहतात, माझ्या मूत्रपिंडाकडे बराच वेळ बघतात आणि डस्टर खाली ठेवून देतात. पुढचा तासभर उरलेल्या जागेत, वर, खाली, कडेकडेनं, बारीक अक्षरात त्यांची गणितं चालायची. मागच्या बाकांवरची पोरं माना लांबवून बेजार. एकानं धीर करून विचारलं, पुसू का म्हणून. सर म्हणाले, "मॅडमनी एवढं खपून काढलंय. तुझ्या गणिताला कोपरा पुरंल."

मी नांदेडहून आलेली, तिशी गाठत आलेली, एका खोलीत एकटी राहणारी बाई. घरचे स्थळं बघून दमले होते आणि मी दाखवून घेऊन. आपलं काढलेलं कुणी पुसत नाही याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मूत्रपिंड हा काही जीव गुंतायचा मुहूर्त नव्हे. तरी दुसऱ्या दिवशी मी रंगीत खडूंची आणखी एक पेटी विकत आणली.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्या माणसाबद्दल वाकडं बोलायला लागले की कुणाला नवल वाटायला नको.

सरांचं एक पालुपद होतं. "बघितलं, झालं." कापडाच्या दुकानात ते कुणाही सहकाऱ्यासोबत हौसेनं जायचे. गादीवर मांडी घालून बसायचे, दुकानदाराकडून पैठण्या, इरकली, रेशमी काठ, सगळं उलगडून घ्यायचे, एकेक पदर उजेडात धरायला लावायचे. दुकानदार घामाघूम होऊन विचारायचा, कोणती बांधू? सर उठून चप्पल शोधत म्हणायचे, "बघितलं, झालं." आंब्याच्या दिवसांत गाड्यावरचा एक केशर उचलून वास घ्यायचे आणि होता तिथे ठेवायचे. पुस्तक वाचून झालं की एसटीच्या सीटवर सोडून उतरायचे. घरी कपाट नाही, भिंतीवर तसबीर नाही, अंगावर आलटूनपालटून दोन सदरे. आपल्याला सुंदर गोष्टी आवडतात, फक्त त्या आपल्या असाव्यात असं वाटत नाही, असं ते सांगायचे. स्टाफरूममध्ये सगळे माना डोलवायचे. केमिस्ट्रीचे सर तर त्यांना संतच म्हणायचे.

त्या संतांना माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र नुसती बघून होत नसे. ती ते भाकरीला लावून, बोटं चाटून खायचे. दुकानदाराचा दुपारचा वेळ फुकट गेला, त्या सगळ्या साड्यांच्या घड्या पुन्हा कुणीतरी घातल्या, हे त्यांच्या तत्त्वज्ञानात कुठेच बसत नव्हतं. ज्याला काही घ्यायचं नसतं, त्याला काही आवरावंही लागत नाही.

पण त्या वेळच्या लातुरात असा माणूस उठून दिसायचा, हेही खरं. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि गावाला नवीन वेड लागलं होतं. ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक फळा, तो क्लास काढत होता. डाळमिलच्या जुन्या गोदामात बाकं टाकून बायोलॉजीच्या बॅचेस चालायच्या आणि पावसाळ्यात तिथे तुरीच्या टरफलांचा वास यायचा. बोर्डाचा निकाल लागला की मुलं कुणाची, यावरून मारामाऱ्या. एकाच पोरीचा फोटो तीन क्लासच्या बॅनरवर, आणि तिन्हीवर खाली लिहिलेलं, आमचीच विद्यार्थिनी. आमचे संचालक म्हणायचे, फोटो जो आधी लावील त्याची पोरगी. शिक्षकांनाही ते असंच धरून ठेवायचे. सरांना त्यांनी भागीदारी देऊ केली, बॅनरवर मधोमध फोटो देऊ केला. सर म्हणाले, "शिकवलं, झालं." त्यांच्या तासाला पोरं जिन्यावर बसायची, तरी एकाही पोरावर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही. पास झालेलं पोरगं पेढे घेऊन आलं की पेढा खायचे आणि नाव विचारायचे.

सरांचं गाव औसा भागातलं. भूकंपाच्या पहाटे ते लातुरात होते. गावात दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीच्या जड छताचं माळवद, आणि त्याखाली त्यांची आई. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या एकीनं चुकचुकत त्यांना म्हटलं की सर, तुमचं किती गेलं. सर शांतपणे म्हणाले, "माझं काय जाणार? घर माझं नव्हतं. आई पण माझी नव्हती. मी तिचा होतो."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि लगेच रागही आला. वाक्य ऐकायला फार छान होतं. पण असलं वाक्य तयार व्हायला ते मनाशी किती वेळा म्हणून बघावं लागलं असेल, असा विचार मनात आला. लोक म्हणायचे, भूकंपानं माणूस विरक्त झाला. सरांना ते आवडायचं नाही. मी आधीपासूनच असा, म्हणायचे. ते भाड्याच्या खोलीत न झोपता बारा महिने गच्चीवर झोपत. चांदण्या कुणाच्या नावावर नसतात म्हणून, हे कारण. मग पावसाळ्यात मेणकापड अंगावर ओढून, चांदणी एक दिसत नसताना, हा माणूस वर काय बघत पडायचा? त्यांना छताची भीती वाटायची. एवढी साधी गोष्ट होती. ती सांगितली असती तर मी त्यांना एका शब्दानं हसले नसते.

आता बिजलीकडे येते. बिजली ही गफूरचाचांची घोडी. लग्नाच्या वरातीत नवरदेव मिरवणारी, पांढरीशुभ्र, नाकाशी गुलाबी. चाचांच्या घराण्यात पूर्वी टांगे होते. रिक्षा आल्या, टांगे गेले, तेव्हापासून ही एक घोडी. क्लास सुटला की माझ्या खोलीकडच्या वाटेवर तिचा तबेला लागायचा. समोर डाळमिलची भिंत. त्या भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून, सर रोज संध्याकाळी घोडी बघत उभे असायचे. मी तिथूनच जायची. हळूहळू मीही थांबायला लागले. सर घोडीकडे बघायचे, मी सरांकडे बघायची, आणि घोडी रस्त्यापलीकडून आमच्या दोघांकडे. ती मान कशी वळवते, खूर उचलताना आधी जमिनीला कसं विचारते, हे ते मला हळू आवाजात सांगायचे. एकदा म्हणाले, मॅडम, या घोडीची मान आणि तुमची रेघ, दोन्ही एकाच हातानं काढल्यासारखी. त्या रात्री मी जेवले नाही. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

ते कधी जवळ गेले नाहीत. रस्ता ओलांडला नाही, हिरवा चारा नेला नाही, मानेवरून हात फिरवला नाही. चाचांना हा अपमान वाटायचा.

"मास्तर, हात तर लावा," ते म्हणायचे. "बिजली काय अंगार हाय का?"

"नको चाचा. हात लावला की तिला माझी सवय लागंल. मग वाट बघत बसंल. नुसतं बघू द्या."

चाचा माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचे. त्यांच्या समजुतीत मी मास्तरांची कुणीतरी होते. ती समजूत दूर करायचा प्रयत्न सरांनी केला नाही आणि मीही केला नाही.

मग चाचांचे गुडघे गेले. मुलं एसटीडीच्या बूथवर, घोडी कुणाला नको. लेकीकडे उदगीरला जायचं ठरलं. त्या संध्याकाळी ते लंगडत रस्ता ओलांडून आमच्यापाशी आले. बँडवाला बिजली मागून राहिला, म्हणाले, पण तो माणूस ठीक नाही, हातात कायम काठी. मग सरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमी ठिवून घ्या मास्तर. मला कायी नको. चारा-पान्याचं मी माणूस लावून देतो. इतक्या वर्सात तिच्याकडं असं बघणारा दुसरा कोन हाय?"

सर म्हणाले, "चाचा, ती माझी न्हाई. ती माझी झाली की मला दिसायची बंद होईल."

चाचा माझ्याकडे वळले. म्याडम, तुमी तरी सांगा, म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं, तर सर भिंतीपासून निघून चालायलाही लागले होते. चाचा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लई शिकलेला मानूस. इतकं शिकायला न्हाई पायजे." मला आजवर त्या माणसाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं ऐकू आलं नाही.

बिजली बँडवाल्याकडे गेली. तबेल्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं. बिजली कुठे बांधतात, खायला घालतात की नाही, याची सरांनी चौकशी केली नाही. जिथं दिसेल तिथं बघू, म्हणाले. मी चौकशी केली. एसटी स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती, खोगीर घासून पाठीवर जखम झालेली. ते मी सरांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग तासाला निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात अर्धापूरकडची एक मुलगी आमच्या क्लासमधून बोर्डात आली. केळीच्या बागा असलेल्या घरातली, बोलायला मोजकी, गणितात वाघीण. आणखी दोन क्लास तिच्यावर हक्क सांगत होते, म्हणून संचालकांनी ठरवलं की तिला घोडीवर बसवून गावभर मिरवायचं, म्हणजे वादच मिटला. गंजगोलाईच्या बाजारापासून क्लासच्या नव्या इमारतीपर्यंत. बँड, फटाके, शिक्षकांना फेटे. माझ्याही डोक्यावर एक भगवा फेटा बसवला होता आणि तो सारखा कानावर येत होता. सरांनी फेटा बांधून घेतला नाही. मिरवणूक त्यांना भिकार वाटायची. ते वाटेतल्या, आमच्या वर्गांजवळच्या चहाच्या टपरीपाशी हात मागे बांधून उभे राहिले, लांबून बघायला.

घोडी अर्थातच बिजली. अंगावर रंगीत दिव्यांची माळ, पाठीवर मखमल, मखमलीखाली ती जखम. गुमान चालत होती. टपरी आली आणि ती थांबली. तिनं मान वळवली, आणि मग वरातीतून सरळ बाहेर पडून, जनरेटरची वायर तोडत, वरच्या मुलीसकट ती टपरीकडे चालायला लागली. दिवे विझले. बँड एकेक वाजंत्री करत बंद पडला. बिजली सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आपलं तोंड त्यांच्या छातीवर टेकवलं.

वर्षानुवर्षं ज्याला हात लावला नाही, चारा दिला नाही, सवय लागू नये म्हणून ज्याच्यापासून रस्त्याभराचं अंतर राखलं, त्या जनावरानं हे केलं. सगळी काळजी सरांनी घेतली होती. बिजलीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

सरांचे हात मागेच होते. मी बाजूला उभी होते, मला ते दिसत होते. डाव्या हातानं उजवं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

बँडवाल्यानं काठी काढली. लगाम ओढला, शिव्या दिल्या. बिजली हलेना. संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी वर बसलेली मुलगीच बोलली, सगळ्यांत शहाणी तीच होती.

"सर, तुमी म्होरं चाला. ती तुमच्यामागं येऊन राहिली."

आणि मग मी जे बघितलं ते विसरणार नाही. सर म्हणजे ज्यांनी कधी बॅनरवर फोटो दिला नाही, पोरावर हक्क सांगितला नाही, ते हात मागे बांधून रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. त्यांच्यामागे बिजली, बिजलीवर मुलगी, मागे बँड, मागे फेटेवाले आम्ही. त्यांनी पाऊल थांबवलं की घोडी थांबायची. बाजूला व्हायला गेले की घोडी बाजूला यायची. नव्या इमारतीपर्यंत अख्खी वरात त्यांनीच नेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सर्वांत पुढे सर, मान खाली, चेहरा रडवेला. संचालकांनी तो मोठा करून बॅनरवर घातला. मी पोट धरून हसले आणि हसता हसता रडले.

मला वाटलं, आता हा माणूस वळेल. इतकं झाल्यावर कोण नाही वळणार? बँडवालाही अर्ध्या किमतीत घोडी द्यायला तयार होता, कारण असली अडून बसणारी घोडी धंद्याला काय कामाची. मी मनात जागासुद्धा ठरवली होती, माझ्या घरमालकांच्या परसात पत्र्याचं छप्पर टाकता आलं असतं. मालकांना मी विचारलंही होतं.

सर दुसऱ्या दिवसापासून टपरीच्या रस्त्यानं यायचे बंद झाले. मागच्या गल्लीनं, गटार ओलांडून यायला लागले. बिजली मात्र त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक वरातीत टपरीपाशी थांबायची. नवरदेव वर ताटकळत, आणि खाली काठी. वर्गात शिकवताना मला बँड ऐकू यायचा, मध्येच बंद पडायचा, आणि मग काठीचा आवाज. फळ्यावर माझी रेघ वाकडी जायची. शेजारच्या वर्गात सर गणित सांगत असायचे. त्यांचा आवाज तेवढा वेळ थोडा मोठा व्हायचा.

महिनाभरात कळलं की सर किनवटकडे एका आश्रमशाळेत चालले आहेत. स्टाफरूमला पुन्हा भरून आलं, काय तो त्याग, एवढा पगार सोडून जंगलात. शेवटच्या दिवशी माझा तास संपला, मी पुस्तकं आवरत होते, ते दारात आले. पोरं बाकांवर बसलेली होती. मला थांबता आलं नाही.

"सर, बिजली तुमची नाही, हे मान्य," मी म्हटलं. "पण तुम्ही तिचे आहात, त्याचं काय? आईचे होतात तसे."

पहिल्यांदाच त्यांच्याजवळ तयार वाक्य नव्हतं. मग फार हळू म्हणाले, "हाव मॅडम. तिचा झालो, म्हणून तर चाललो. भिंत पडायच्या आत माणसानं बाहेर निघावं."

"आणि आत राहतं त्यानं?"

ते माझ्याकडे बघेनात. नजर फळ्याकडे गेली. तिथे मी त्या दिवशी चार रंगांत काढलेलं मूत्रपिंड होतं, आजवरचं सर्वांत नीट. त्यांचा चेहरा तसाच झाला जसा डाळमिलच्या भिंतीपाशी व्हायचा.

"असं पुन्हा बघायला मिळायचं न्हाई," म्हणाले.

मी डस्टर उचललं आणि त्यांच्यादेखत सगळा फळा पुसून टाकला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. पोरांना पहिल्यांदाच गणितासाठी अख्खा फळा मिळाला होता.

बिजली मी घेतली. घरमालकांच्या परसात ती पुढे बरीच वर्षं होती. पाठीची जखम भरली. मी रोज संध्याकाळी तिला गुळाचा खडा द्यायची, मानेवरून हात फिरवायची, शेण काढायची, ओरडायचीही. गूळ ती माझ्या हातचा खायची आणि बघायची मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे. म्हणून मी रस्त्याकडे पाठ करूनच उभी राहत असे; निदान तिचं तोंड तरी माझ्याकडे यायचं.